मुंबई–नागपूर: विमानातला सव्वा तास आणि बाकीचा दिवस

मुलाची बदली नागपूरला झाल्यापासून आमच्या घरी एकच वाद चालू आहे: विमान, रेल्वे की गाडी? हवाई अंतर साधारण ६८० किमी. तिकिटावर दीड-पावणेदोन तास लिहिलेले असतात, प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तास. रेल्वेने ८३७ किमी, समृद्धी महामार्गाने ७०१, तेही भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतच. दारातून निघून दारात पोचेपर्यंत तुम्हाला किती वेळ लागतो? अनुभव लिहा. विमानतळावरच्या चहाचे दर नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

सोनेगावकर
आमच्या घरून नागपूरचं विमानतळ दहा मिनिटांवर, पण बहीण बदलापूरला! उतरलो, सामान येईस्तोवर अर्धा तास, मग मेट्रोने घाटकोपर, मग लोकलमध्ये चेंगराचेंगरी. विमानात बसलो त्याहून जास्त वेळ यातच गेला. आता मी विदर्भ एक्स्प्रेसनेच जातो. रात्री झोपायचं, सकाळी कल्याणला उतरायचं. काऊन धावपळ करायची?

खिडकीजवळची
हिवाळ्यात नागपूरला जाताना विमान बरेचदा वेळेआधी पोचतं, येताना रेंगाळतं. वर पश्चिमेकडून जोरदार वारे असतात. जाताना ते मागून ढकलतात, येताना समोरून अडवतात. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि संध्याकाळी वरच रांग लागते. खाली तेच धरण दुसऱ्यांदा दिसलं की समजायचं, आपण रांगेत आहोत. कंपन्या वेळापत्रकात थोडा जास्त वेळ धरतात तो यासाठीच. जमिनीवरचं सरकणंही त्यातच मोजलेलं असतं.

टपालवाल्यांची लेक
थोडं अवांतर. बाबा टपाल खात्यात होते. त्यांच्याकडून रात्रीच्या हवाई टपालाच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपापल्या शहराकडे परत. थैल्यांसोबत प्रवासीही असत. रात्री दोनला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर झोप मोडून विमान बदलणाऱ्यांना आजचा सव्वा तास सांगून बघा!

समृद्धीवाला
जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा उघडला तेव्हापासून मी गाडीनेच. आठ तास म्हणतात ते गाडीचे, माणसाचे नव्हेत. सरळसोट रस्ता, डोळ्यावर झापड येते. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, उन्हाळ्यात निघण्याआधी टायरमधली हवा तपासा. चौघं असलो तर खर्चात विमान हरतं. एकट्याने मात्र मुळीच जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आईसोबत
आईचे गुडघे गेलेत. तिला बारा-चौदा तास रेल्वेत बसवणार कसं? व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवते. मग तपासणीची रांगही सुटसुटीत होते. वेळ वाचतो की नाही, हा हिशोब आमच्याकडे कोणी करतच नाही.

धरमपेठी
राजेहो, सगळं खरं, पण डिसेंबरात यायचं असेल तर आत्ताच तिकीट काढा. हिवाळी अधिवेशन लागलं की मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेवाले सगळेच इकडे येतात. भाडं कुठल्या कुठे जातं अन् हॉटेलात खोलीही भेटत नाही. मुलाकडे उतरणार असाल तर निदान तेवढी तरी चिंता नाही.