डेमेंटिएवाला ग्रँड स्लॅम का मिळालं नाही? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-३०४: कालच्या क्विझमधला प्रश्न इथे टाकतोय. ऑलिम्पिकचं एकेरीचं सुवर्ण आहे, एकेरीची १६ विजेतेपदं आहेत, क्रमवारीत तिसरा नंबर गाठलाय, पण ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी) एकही नाही. उत्तर आलं रशियाची टेनिसपटू एलेना डेमेंटिएवा. इतकं सगळं असताना ग्रँड स्लॅमच तेवढं का राहिलं?

डी-१०१: सर्व्हिस. एका शब्दात उत्तर.

बी-५०३: काका, एका शब्दात नाही बसत हो ते. आधी हिशेब बघा. ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत ती ९ वेळा पोचली. अमेरिकन ओपन २०००, २००४, २००५, २००८, फ्रेंच २००४, २०१०, विंबल्डन २००८, २००९, ऑस्ट्रेलियन २००९. त्यातल्या दोनदा अंतिम सामना खेळली, दोन्ही २००४ मध्ये, आणि दोन्ही वेळा समोर रशियाचीच मुलगी. सर्व्हिस इतकी टाकाऊ असती तर चारही स्लॅमच्या उपांत्य फेरीत कोणी पोचतं का?

डी-१०१: पोचली ती रिटर्नवर. समोरचीची सर्व्हिस तोडायची, म्हणजे तिच्या सर्व्हिसचा गेम जिंकायचा, स्वतःची गमवायची, पुन्हा तोडायची. शेवटच्या दोन सामन्यांत समोर तोलामोलाची आली की हे गणित फिसकटायचं. फ्रेंच ओपन २००४ ची फायनल आठवा. मिस्किनाकडून ६-१, ६-२ हरली. त्यात डेमेंटिएवाचे १० डबल फॉल्ट, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकल्या आणि पॉइंट समोरचीला. सामना झाला एकूण १५ गेमचा. म्हणजे तिच्या वाट्याला सर्व्हिसचे सात किंवा आठ गेम. चार पॉइंटला एक गेम धरला तर अडीच गेमचे पॉइंट तिने नुसते देऊन टाकले, समोरचीला रॅकेटसुद्धा उचलावी लागली नाही.

ए-३०४: पण व्यावसायिक खेळाडूला सर्व्हिस येत नाही म्हणजे काय? उंचीही चांगली होती ना?

बी-५०३: १.८० मीटर. उंचीचा प्रश्नच नव्हता.

सी-२०१: हे नीट सांगावं लागेल, कारण आपल्या कोर्टवरची मुलंही नेमकी हीच चूक करतात.

सर्व्हिस बिघडते ती रॅकेटच्या हाताने नाही, टॉसच्या, म्हणजे चेंडू हवेत उडवणाऱ्या हाताने. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू थोडा पुढे आणि डोक्याच्या किंचित उजवीकडे टाकायचा. घड्याळाची तबकडी समोर धरली तर साधारण एकच्या आकड्यावर. डेमेंटिएवाचा टॉस बराच उजवीकडे जायचा, आणि तोही बुटका. मग हात सरळ वर जाऊच शकत नाही. तो बाजूने फिरतो आणि चेंडू खांद्याच्या कडेला, खाली, कातरल्यासारखा मारला जातो. तिची ती प्रसिद्ध स्लाइस सर्व्हिस म्हणजे हीच.

आता याने नुकसान काय होतं ते मापाने बघा. बेसलाइनपासून जाळं ११.८९ मीटरवर. जाळ्यापलीकडे सर्व्हिस बॉक्स ६.४० मीटर खोल. जाळ्याची मधली उंची ९१.४ सेंटीमीटर. चेंडू अगदी सरळ रेषेत जातोय असं धरलं, तर जाळं जेमतेम ओलांडून बॉक्सच्या शेवटच्या रेषेवर पडायला तो २.६१ मीटर उंचीवर मारावा लागतो. २.८० वर मारला तर जाळ्यावर सहा-सात सेंटीमीटर जागा मिळते. २.३० वर मारला तर सरळ रेषा जाळ्यातच जाते.

म्हणजे खाली मारलेला चेंडू बॉक्समध्ये पाडायचा असेल तर त्याला वर उचलून पुन्हा खाली आणावं लागतं. त्याला दोनच मार्ग. वेग कमी करा, म्हणजे गुरुत्वाकर्षण काम करेल. नाहीतर चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी द्या, म्हणजे तो जाळं ओलांडून डुबकी मारेल. बाजूने कातरलेल्या चेंडूला फिरकी असते, पण आडवी. तो वळतो, डुबत नाही. राहिला एकच मार्ग, वेग कमी करणे. म्हणून तिची दुसरी सर्व्हिस इतकी हळू.

ए-३०४: सर, हळू तर हळू. निदान आत तर पडेल ना? डबल फॉल्ट कशाला होतात मग?

सी-२०१: भीतीने मनगट आणि दंड आखडतात. पूर्ण झोकात फिरणारा हात चुकला तरी थोडक्यात चुकतो. मध्येच रोखलेला हात चेंडू जाळ्यात घालतो, आणि जाळ्यात गेला की पुढच्या वेळी माणूस जास्त उचलतो आणि लांब मारतो. महत्त्वाच्या पॉइंटला हळू सर्व्हिस जास्त धोक्याची ठरते ती यामुळे.

दुसरं असं की चेंडू कुठे जाणार हे समोरचीला आधीच कळतं. उजव्या हाताच्या स्लाइसचा चेंडू सर्व्हिस करणाऱ्याच्या डावीकडे वळतो, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडकडे. ड्यूस कोर्टवर, म्हणजे उजव्या अर्ध्यातून सर्व्हिस करताना, निदान तिला कोर्टबाहेर तरी ओढता येतं. अ‍ॅडव्हांटेज कोर्टवर, म्हणजे डाव्या अर्ध्यातून, तोच चेंडू बाहेरून आत, अंगाकडे येतो. ब्रेक पॉइंट (जो गमावला की आपल्या सर्व्हिसचा गेम जातो) बहुतेक कुठे खेळले जातात? ३०-४० ला, अ‍ॅडव्हांटेजला. त्याच बाजूला. जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच हत्यार बोथट.

बी-५०३: हे पटलं. आणि क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टवर तो चेंडू घसरतही नाही, वर बसतो. गवतावर निदान खाली राहतो.

सी-२०१: बरोबर.

डी-१०१: आता मीही दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. मॉस्कोच्या स्पार्ताक क्लबात ती लहानपणी राउझा इस्लानोवांकडे शिकली. या इस्लानोवा म्हणजे मरात साफिन आणि दिनारा साफिना या टेनिसपटू भावंडांची आई. मिस्किनाही त्यांच्याच हाताखालची. दोघी १९८१ च्या, दोघी मॉस्कोच्या. पॅरिसच्या त्या फायनलला एकाच क्लबातल्या दोन मैत्रिणी समोरासमोर उभ्या होत्या. रशियाला महिलांचं पहिलं एकेरीचं ग्रँड स्लॅम त्या दिवशी मिळणार हे ठरलेलंच होतं, फक्त दोघींपैकी कोणाला एवढंच बाकी होतं. असला दबाव साध्या फायनलला नसतो.

स्पार्ताकची पद्धत अशी की मुलांनी आधी चेंडूविना फटका घोटायचा. हळू, पुन्हा पुन्हा, पाय कुठे, कंबर कुठे, रॅकेट कुठून निघते. डेमेंटिएवाचे जमिनीवरचे फटके बघितले की ते घोटणं दिसतं. दोन हातांचा बॅकहँड, सपाट फोरहँड, आणि पाय सतत हलते. धावत जाऊन मारलेला फोरहँडसुद्धा तोल न जाता.

बी-५०३: आणि रिटर्न! बेसलाइनला चिकटून उभी राहायची, समोरचीची दुसरी सर्व्हिस उसळी घेतानाच उचलायची.

ए-३०४: मग २००४ ची दुसरी फायनल?

बी-५०३: अमेरिकन ओपन, कुझनेत्सोवाकडून ६-३, ७-५. त्याआधी उपांत्य फेरीत कॅप्रियातीला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं होतं. त्या वर्षी फ्रेंच मिस्किनाने, विंबल्डन शारापोवाने, अमेरिकन कुझनेत्सोवाने जिंकलं. चारांतली तीन रशियाकडे. मिस्किना तर पॅरिसला चौथ्या फेरीत कुझनेत्सोवाविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून पुढे आली होती. एकाच देशातल्या इतक्या मुली एकदम वर आल्या आणि डेमेंटिएवा नेमकी त्यांच्या मधोमध सापडली, असं माझं मत. फक्त सर्व्हिसला बोल लावणं हा अर्धा न्याय.

डी-१०१: ताई, २००५ ची फेड कप (महिलांची देशादेशांतली सांघिक स्पर्धा) फायनलही लिहा की.

बी-५०३: लिहिते. तीच तर माझी सगळ्यात आवडती. सप्टेंबर २००५, पॅरिस, रोलाँ गारोसची, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानाची, तीच माती जिथे वर्षभरापूर्वी १० डबल फॉल्ट झाले होते. समोर फ्रान्स, प्रेक्षक सगळे त्यांचे. रशिया ३-२ ने जिंकलं आणि तिन्ही गुण डेमेंटिएवाचे. एकेरीत पिअर्सला हरवलं, मॉरेस्मोला हरवलं, आणि २-२ झाल्यावर निर्णायक दुहेरीत साफिनाला घेऊन त्याच दोघींना पुन्हा हरवलं. दोन दिवसांत तीन सामने, तिन्ही तीन-तीन सेटचे. हिला दबाव झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

ए-३०४: दुहेरीही खेळायची?

बी-५०३: हो तर. २००२ ची वर्षअखेरची डब्ल्यूटीए चॅम्पियनशिप दुहेरीत जिंकली, यानेट हुसारोवाबरोबर. एकूण ६ दुहेरी विजेतेपदं. दुहेरीत जाळ्याजवळ जोडीदार उभी असते, त्यामुळे हळू सर्व्हिसची शिक्षा थोडी कमी होते.

डी-१०१: आणि देशासाठी खेळताना ती वेगळीच असायची. १९९९ च्या फेड कप फायनलला अमेरिकेने रशियाला ४-१ ने हरवलं. तो एक गुण १७ वर्षांच्या डेमेंटिएवाने व्हीनस विल्यम्सला हरवून मिळवलेला. पुढच्या वर्षी सिडनी ऑलिम्पिकला रौप्य, फायनलला व्हीनसकडूनच हरली. मग २००८, बीजिंग. उपांत्यपूर्व फेरीत सेरेना विल्यम्सला पहिला सेट गमावून हरवलं. फायनलला साफिनाविरुद्ध ३-६, ७-५, ६-३. कांस्य झ्वोनारेवाला. तिन्ही झेंडे रशियाचे. आपल्याला त्या ऑलिम्पिकचा बिंद्रा आठवतो, तर हा सामना त्यानंतर सहा दिवसांनी, १७ ऑगस्टचा.

ए-३०४: ऑलिम्पिक सुवर्ण की ग्रँड स्लॅम? टेनिसमध्ये तर स्लॅम मोठं मानतात.

डी-१०१: बाहेर मानतात. टेनिस ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून परत आलं १९८८ ला, सोलमध्ये. सोव्हिएत व्यवस्थेत ऑलिम्पिकमधल्या खेळाला पैसा आणि मान मिळायचा, बाकीच्यांना नाही. डेमेंटिएवाच्या पिढीची मुलं लहान असतानाच टेनिसला हा दर्जा मिळाला. त्या घरांतून ऑलिम्पिकपेक्षा मोठं काही नव्हतंच. डेमेंटिएवाही हेच बोलून दाखवायची. तिच्या मापाने मोजलं तर तिला हवं होतं ते मिळालं.

सी-२०१: त्या काळातली तिची सर्व्हिसही बघा. २००८-०९ ला टॉस डोक्याकडे सरकलेला दिसतो, हात वरून यायला लागला. कधीच धारदार झाली नाही, पण भोक बुजलं. लगेच निकाल बघा: २००९ ची सुरुवात ऑकलंड आणि सिडनी जिंकून, सलग १५ सामने विजयी, मग ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत सेरेनाने थांबवलं. एप्रिलमध्ये क्रमवारीत तिसरी. २७ वर्षांच्या वयात, दहा वर्षं एका सवयीने खेळून झाल्यावर टॉस बदलणं किती अवघड असतं हे शिकवणाऱ्यालाच कळतं. हाताला जुनीच जागा घरासारखी वाटते.

बी-५०३: आणि मग विंबल्डन २००९ ची उपांत्य फेरी. सेरेनाविरुद्ध २ तास ४९ मिनिटं. ६-७, ७-५, ८-६. तिसऱ्या सेटमध्ये ५-४ वर सेरेनाच्या सर्व्हिसवर डेमेंटिएवाला मॅच पॉइंट. सेरेना जाळ्यावर धावली. डेमेंटिएवाने बॅकहँड क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरपा, मारला. सेरेनाची व्हॉली (टप्पा पडू न देता मारलेला फटका) जाळ्याच्या पट्टीला लागून पलीकडे पडली. तोच फटका लाइनवरून सरळ मारायला हवा होता, असं ती स्वतः नंतर म्हणाली.

सी-२०१: क्रॉसकोर्ट मारला तो सवयीने. तिथे जाळं मध्यभागी खालचं असतं आणि कोर्ट लांब मिळतं. कडेला जाळं १.०७ मीटर. लाइनवर मारायचं तर उंच जाळं आणि छोटं कोर्ट, चुकायची भीती दुप्पट. पण जाळ्यावर धावून आलेली खेळाडू सोपी बाजूच आधी झाकते. हा एक पॉइंट सोडला तर त्या दिवशी ती कुठेही कमी नव्हती. सेरेनाच्या २० एसेस (समोरचीला हातही न लावता आलेल्या सर्व्हिस) होत्या त्या सामन्यात!

डी-१०१: म्हणजे माझं एका शब्दाचं उत्तर मागे घेतो. २००४ ला सर्व्हिसने हरवलं. २००९ ला जाळ्याच्या पट्टीने.

बी-५०३: आणि २०१० ला पोटरीने. फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, स्कियाव्होनेविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला आणि तिने सामना सोडला. त्या दुखापतीने विंबल्डन हुकलं आणि सलग ४६ ग्रँड स्लॅम खेळण्याची मालिका तुटली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला दोहाला पुन्हा स्कियाव्होनेकडूनच हरल्यावर कोर्टवरच निवृत्ती सांगितली. तेव्हाही पहिल्या दहात होती. वय २९.

ए-३०४: सर, मुलांच्या टॉसचं तेवढं सांगा. रविवारच्या बॅचमध्ये निम्म्यांचा चेंडू उजवीकडेच जातो.

सी-२०१: चेंडू बोटांच्या टोकाशी धरायचा, तळहातात नाही. तळहातातून निसटताना तो फिरतो आणि वाकडा जातो. कोपर सरळ ठेवून पूर्ण हात खांद्यातून वर न्यायचा, आणि डोळ्यांच्या उंचीवर आल्यावर सोडायचा. मनगट झटकायचं नाही. बहुतेकांचा टॉस उजवीकडे जातो तो हात अंगापासून लांब, आडवा उघडल्यामुळे. हात पुढे आणि उजव्या नेटपोस्टच्या रोखाने वर गेला पाहिजे.

तपासायला बेसलाइनवर सर्व्हिसच्या पवित्र्यात उभं करा. डाव्या पावलाच्या जरा पुढे, कोर्टच्या आत, रॅकेट जमिनीवर ठेवा. टॉस टाकायला सांगा, पण मारू देऊ नका. चेंडू आपोआप खाली पडू दे. दहापैकी सात-आठ वेळा रॅकेटच्या डोक्यावर पडला की मग चेंडू मारायला द्या. आणि टॉस वाकडा गेला तर तो सोडून द्यायचा, पुन्हा टाकायचा. नियमात चालतं, रॅकेट फिरवली नाही तर फॉल्ट धरत नाहीत. वाकड्या टॉसमागे हात ताणून चेंडू गाठायची सवय एकदा लागली की पुढे ती काढायला वर्षं जातात.

ए-३०४: रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टवर जास्तीच्या चार रॅकेट आणून ठेवतो.