उधारीची वही पुस्तकाबाहेर

व्यवसायाची पुस्तकं विक्री वाढवायला शिकवतात, पैसे वसूल करायला नाही, अशी एक तक्रार असते. बऱ्याच अंशी पटते. पण अशा पुस्तकातलं रोख प्रवाहाचं (पैसे कधी येतात-जातात त्याचं) प्रकरण वाचून झालं की लगेच एक्सेलमध्ये उधारीचा तक्ता मांडावा. स्तंभ चारच: गिऱ्हाईक, माल स्वीकारल्याची तारीख, बाकी रक्कम, दिवस. दिवसांच्या रकान्यात टुडे फंक्शनमधून (ते आजची तारीख देतं) स्वीकृतीची तारीख वजा करायची. उत्तर १९०० सालची तारीख दिसलं तर रकान्याचं फॉरमॅट नंबर करा. तारखेत टिंबं घातली की एक्सेल बहुतेक वेळा ती मजकूर समजतं आणि वजाबाकी फसते. टाइप केलेली तारीख डावीकडे चिकटून राहिली तर हेच झालंय, तिरकी रेघ वापरा.

४५ च्या वरचा आकडा कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट लागू झाली की रकान्याचा रंग आपोआप बदलणारी सोय) लाल करा. हा आकडा मनाचा नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. दिवस मोजायचे ते माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून माल पोचवल्याच्या चलनावर (पावतीवर) गिऱ्हाइकाच्या सही-शिक्क्यासोबत तारीख घेतलीच पाहिजे. नेमकी तीच राहते.