फोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला? माझं मत: हवाच

कानसेन
फोन हातात असताना गाण्यांसाठी अजून एक यंत्र कशाला बाळगतोस असं मला सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पटलं नाही तर बिनधास्त विरोध करा, फक्त मुद्द्याला धरून करा. १० मे २०२२ ला अ‍ॅपलने आयपॉड टच बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा लोकांनी धरूनच चाललं की हा प्रकारच संपला. संपलेला नाही. सोनी अजून वॉकमन नावाने डिजिटल प्लेअर काढते, फीओ, शानलिंग, हायबी, अ‍ॅस्टेल अँड कर्न ही मंडळी आहेतच, म्हणजे घेणारेही आहेत.

माझं मुख्य कारण एकच. फोन मध्ये मध्ये बोलतो. गाणं ऐन रंगात आलेलं असतं आणि फोन स्वतःच गाण्याचा आवाज बारीक करून टिंग वाजवतो. आणि समजा नाही वाजवलं तरी पुढचं गाणं लावायला म्हणून स्क्रीन उघडली की मेसेज दिसतो, त्याला उत्तर देतो, मग दुसरं काहीतरी बघतो आणि गाणं कधी संपलं तेही कळत नाही. माझ्या प्लेअरला बाजूला तीन बटणं आणि एक होल्डचा (बटणं लॉक करायचा) खटका आहे. खिशात हात घालायचा, अंगठ्याने चाचपून मधलं बटण दाबायचं, गाणं बदललं, डोळे कुठेच गेले नाहीत.

दुसरं म्हणजे मालकी. स्ट्रीमिंगवर वर्षानुवर्षं जमवलेल्या यादीत एक दिवस एखादं गाणं राखाडी होऊन बसतं, दाबलं तरी वाजत नाही, कारण कंपन्यांचा आपसातला करार संपला. आपल्याला कुणी विचारत नाही की सांगत नाही. माझ्या मेमरी कार्डावरची फाईल असं करत नाही.

हेडफोनवाली
असहमत. आणि तुम्ही मालकी आणि यंत्र यांची सरमिसळ करताय. मालकी फाईलची असते, प्लेअरची नाही. तीच फाईल मी विकत घेऊन फोनमध्ये टाकली तर ती तितकीच माझी. उलट ज्या काळाच्या तुम्हाला आठवणी येतात त्या काळात आयट्यून्सवर पैसे मोजून घेतलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजायचं नाही, ते कुलूप २००९ मध्ये निघालं. म्हणजे प्लेअर होते तेव्हा श्रोता फार स्वतंत्र होता असं काही नाही.

मधे बोलण्याचं म्हणाल तर डू नॉट डिस्टर्ब नावाची गोष्ट आहे, एका बोटाने चालू होते. हवं तर एअरप्लेन मोड लावा, गाणी आधीच उतरवून ठेवलेली असली की झालं काम. ज्याला मन लावून ऐकता येत नाही त्याला दुसरं यंत्र घेऊनही येणार नाही, कारण फोन दुसऱ्या खिशात असणारच आहे ना.

धावणारी
पळायला जाताना फोन नको वाटतो, दंडाला बांधला तर हिसके बसतात, खिशात टाकला तर आपटतो. चिमट्याने कपड्याला लावायचा टिकलीएवढा प्लेअर असतो ना, स्क्रीनसुद्धा नसलेला, तो बेस्ट. माझ्यापुरता विषय संपला.

बिट-परफेक्ट
आवाजाचं कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये सगळे आवाज आधी एका मिक्सरमधून जातात आणि तिथे साधारणपणे सगळं ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नमुन्यांना, बदललं जातं. सीडीतून काढलेली फाईल ४४.१ ची असते, म्हणजे तुमचं गाणं कानापर्यंत जसंच्या तसं पोचत नाही. यूएसबी डॅकला (डिजिटल फाईलचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणाऱ्या चिपला) बिट जसेच्या तसे पाठवायची सोय अँड्रॉइड १४ मध्ये आली, तीही प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक अ‍ॅपमध्ये मिळेल असं नाही. चांगल्या प्लेअरमध्ये ही भानगडच नसते, जी फाईल आहे तीच डॅककडे जाते. शिवाय जड (वजनाने नव्हे, वाजवायला जास्त ताकद लागणारे) हेडफोन चालवायला ताकदीचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा भाग, लागतो, तो फोनमध्ये कुठून येणार, आता तर हेडफोनची ३.५ मिमीची जॅकसुद्धा बहुतेक फोनांतून गेली, २०१६ मध्ये आयफोन ७ ने ती काढली आणि मग बाकीचे बरेच मागोमाग गेले.

हेडफोनवाली
बिट-परफेक्ट, तुमच्या नावातच तुमचा पक्ष आहे पण मुद्दा नीट बघूया. ४४.१ चं ४८ केल्यावर जो फरक पडतो तो नीट केलेल्या रूपांतरात कानाला ऐकू येत नाही. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला २२ हजार कंपनांपर्यंतचे, स्वर मावतात आणि माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या आसपास थांबतो. ज्यांना फरक ऐकू येतो असं वाटतं त्यांनी कुठलं यंत्र वाजतंय ते न बघता आणि दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवून ऐकून पाहावं. आवाज जरासा मोठा असला तरी तो आपल्याला चांगलाच वाटतो, तिथेच सगळे फसतात.

जॅक गेली हे खरं पण अंगठ्याएवढा यूएसबी डॅक फोनला लावला की बहुतेक हेडफोन व्यवस्थित चालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज कितीतरी लोक हे महागडे प्लेअर घेऊन त्याला ब्लूटूथ हेडफोन लावतात! ब्लूटूथवर आवाज डिजिटलच जातो, त्याचं रूपांतर हेडफोनमधली चिप करते, म्हणजे प्लेअरमधला तो भारी डॅक तिथे नुसता बसून असतो. एलडॅक हा ब्लूटूथवरून आवाज पाठवायचा भारी प्रकारसुद्धा जास्तीत जास्त ९९० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पाठवतो, सीडीचा आवाज १४११ चा. मग जसंच्या तसं कुठे राहिलं?

बिट-परफेक्ट
वायरने ऐका म्हणूनच तर सांगतोय. ब्लूटूथ लावणाऱ्यांसाठी मी भांडत नाहीये. जड हेडफोनचा मुद्दा मात्र तुम्ही ‘बहुतेक’ म्हणून उडवून लावलात. ३०० ओहमचे (असेच जड) हेडफोन त्या चिमुकल्या डॅकवर लावून बघा, बऱ्याचदा आवाज पुरेसा चढत नाही.

आणि एक गोष्ट राहिली, गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं. मैफिलीचं लाइव्ह रेकॉर्डिंग दोन ट्रॅकमध्ये कापलेलं असतं, पहिला ट्रॅक संपताना आलाप चालू असतो आणि दुसरा तिथूनच पुढे जातो. साध्या अ‍ॅपवर त्या जोडावर एक बारीकसा खड्डा पडतो, अर्धा श्वास तुटल्यासारखा, आणि अख्खी लय जाते. एमपीथ्री फाईल ठरावीक मापाच्या तुकड्यांत बांधलेली असते, एका तुकड्यात ११५२ नमुने, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरावी लागते. ती किती भरली हे बहुधा फाईलमध्येच लिहिलेलं असतं पण प्लेअरने ते वाचून तेवढं कापायला हवं. फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता लहान केलेल्या फाईलमध्ये) ही भरणी नसतेच. हे सगळं नीट करणारे लोक प्लेअर बनवण्याकडे आहेत, फोन बनवणाऱ्यांना त्याचं काही पडलेलं नाही.

साधा श्रोता
गॅपलेस फोनवरच्या चांगल्या अ‍ॅपमध्येही असतं हो, माझ्या आहे.

मला मुळात दुसरीच गोष्ट टोचते. कानसेन, तुम्ही म्हणता मन लावून ऐकायचं, पण त्याआधी लागणारी मेहनत कुणी सांगत नाही. फाईली विकत घ्या किंवा सीडीतून काढा, मग टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) भरा, नाहीतर स्क्रीनवर ‘ट्रॅक ०१, अज्ञात कलाकार’ अशी रांग लागते, एकाच गायकाचं नाव तीन स्पेलिंगने लिहिलं असेल तर तीन वेगळे गायक दिसतात, कव्हरचं चित्र नाही, मग कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा, पुन्हा घाला आणि डेटाबेस अपडेट होईपर्यंत वाट बघा. इतकं करून मिळतं काय, तर आधीपासून ठाऊक असलेली गाणी. स्ट्रीमिंगवर मी कधी नावही न ऐकलेले गायक, परक्या भाषांमधली लोकगीतं, जुनी वाद्यं असं काय काय ऐकलं. प्लेअरवाला माणूस स्वतःच्याच कपाटात फिरत राहतो.

वर कचऱ्याचा प्रश्न. आणखी एक लिथियम बॅटरी, जी काही वर्षांत दम टाकणार किंवा फुगणार. एक यंत्र पुरत असताना दुसरं का वाढवायचं?

दोन लेकरांची आई
इथे सगळे मोठ्यांचंच बोलताय. मी मुलीला इंटरनेट नसलेला साधा प्लेअर दिला कारण तिला गाणी हवी होती आणि मला तिच्या हातात फोन द्यायचा नव्हता. ती स्वतः गाणी निवडते, आम्ही दोघी बसून कार्डावर टाकतो. गाणी ऐकायचं निमित्त करून व्हिडिओ बघत बसायचा प्रश्न येत नाही. यापेक्षा मोठा फायदा मला तरी दुसरा दिसत नाही.

हेडफोनवाली
ताई, हा मुद्दा मान्य, मुलांसाठी कल्पना चांगलीच आहे. फक्त आवाजाची मर्यादा तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५, त्याच्या वर कानाला धोका वाढत जातो. बऱ्याच फोनमध्ये किती मोठ्याने किती वेळ ऐकलं याची नोंद होते, मर्यादा घालून ती लॉकही करता येते. बऱ्याच साध्या प्लेअरमध्ये यातलं काहीच नसतं. कान गेले की ते परत येत नाहीत.

दोन लेकरांची आई
मर्यादा आहे आणि लावलेली आहे. पण सांगितलंत हे बरं झालं, सगळ्यांनी बघावं.

कानसेन
साधा श्रोता, मेहनतीचं तुमचं वर्णन तंतोतंत खरं आहे, पण मला ती मेहनत हवी आहे. गाण्याला टॅग लावताना कुणी गायलं, साथीला कोण होतं, कुठल्या साली, हे शोधावं लागतं आणि ते शोधलं की ते गाणं आपल्याला वेगळं कळतं. स्ट्रीमिंगवर शंभर नवे गायक ऐकले म्हणता, त्यातल्या किती जणांची नावं आत्ता सांगता येतील? मी नवीन शोधायच्या विरोधात नाही. शोधायला वापरा ना स्ट्रीमिंग, आवडलं ते विकत घेऊन ठेवा.

बॅटरीचं बोलायचं तर तो दोष प्लेअरचा नाही, चिकटवून बंद केलेल्या यंत्रांचा आहे. जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये बॅटरी बदलता येते, हार्ड डिस्क काढून मेमरी कार्डाचा अडॅप्टर बसवता येतो, रॉकबॉक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की फ्लॅकसुद्धा वाजतं. २०१४ मध्ये बंद झालेलं मॉडेल लोक आज रोज वापरतायत. इतक्या जुन्या फोनवर तुमचं एखादं अ‍ॅप चालतं का बघा.

हेडफोनवाली, मालकी फाईलची असते हे शंभर टक्के बरोबर. पण ती फाईल वाजवणारं यंत्र आपल्या ताब्यात असावं लागतं हेही तितकंच खरं. १९९८ मध्ये रिओ पीएमपी३०० आला तेव्हा त्यात ३२ एमबी होते, जेमतेम अर्ध्या तासाची गाणी, तरी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने दावा ठोकला. १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल प्लेअरच्या बाजूने दिला आणि आपल्याकडची गाणी आपल्या प्लेअरवर घेणं हा वैयक्तिक वापर आहे असं मानलं. तो हक्क आपण आता आपणहून सोडून देतोय. उतरवून ठेवलेली गाणी म्हणालात ना, स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर ती वाजायची बंद होतात.

हेडफोनवाली
ते सबस्क्रिप्शनचं झालं. मी विकत घेतलेल्या फाईलींचं बोलत होते, त्या फोनमध्ये विमानातसुद्धा वाजतात. आणि तुम्ही कौतुक करताय ते नवे प्लेअर बघा, त्यातले कितीतरी अँड्रॉइडवर चालतात, स्ट्रीमिंगची अ‍ॅप टाकता येतात, वायफाय लागतं, नोटिफिकेशनही येतात. सिमकार्ड नसलेला फोनच तो. मग मधे न बोलणारं यंत्र कुठे राहिलं?

कानसेन
म्हणूनच मी अँड्रॉइडवाला घेतला नाही. बटणंवाला, वायफाय नसलेला आणि कार्डाची जागा असलेला घ्या, असे अजूनही निघतात.

साधा श्रोता
मॉडेलचं नाव टाका मग. बॅटरी उघडून बदलता येते का तेही लिहा, नसेल तर माझा विरोध कायम.