लोहडीची शेकोटी १३ ला की १७ ला?

कार्यक्रम सचिव :

सप्रेम नमस्कार.

परवाच्या बैठकीत तारखेवर एकमत झाले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे. हॉल शनिवार १७ जानेवारीलाच मिळतो आहे आणि हळदीकुंकू, बोरनहाण व पंजाबी शेजाऱ्यांसोबतची लोहडी असे तिन्ही त्याच संध्याकाळी करावे, असा समितीचा कल आहे. वाहनतळावर लाकडे रचून पेटवण्यास व्यवस्थापनाने नकार दिला आहे. उंच पायांच्या लोखंडी घमेल्यात विस्तव ठेवता येईल, पण तो रात्री नऊच्या आत विझवावा लागेल. फलकावर ‘लोहडी : पंजाबचा सुगीचा सण’ असा मजकूर योजला आहे. रविवारपर्यंत मते कळवावीत.

लुधियान्याच्या काकू :

सचिव महोदय, घमेल्याचे नंतर पाहू, आधी तारखेचे पाहा. लोहडी ही पोह या पंजाबी सौर महिन्याची शेवटची रात्र आहे. दुसऱ्या दिवशी माघी, म्हणजे आपली संक्रांत. सरत्या महिन्याला निरोप देण्यासाठी पेटवलेली शेकोटी माघ लागून तीन दिवस झाल्यावर पेटवली, तर ती केवळ शेकोटी उरेल, लोहडी राहणार नाही.

आम्ही लुधियान्यात होतो तेव्हा शेजारच्या बीजी लोहडीच्या दुपारी उसाचा ताजा रस पितळी पातेल्यात चुलीवर चढवत असत. रस तापू लागला की वर येणारी मळी त्या झाऱ्याने काढत राहत आणि रस स्वच्छ झाला की मगच धुतलेले तांदूळ त्यात सोडत. त्यात ना दूध असे ना वरून साखर. मंद आचेवर तासन् तास हलवून गडद तपकिरी झालेली ती ‘रौ दी खीर’ त्या रात्री झाकून ठेवत आणि माघीच्या सकाळी गार झालेली खीर दह्याबरोबर वाढत. ‘पोह रिद्धी, माघ खाधी’, म्हणजे पोहात रांधली आणि माघात खाल्ली, असे त्या म्हणत. दोन महिन्यांच्या सीमेवरचा हा सण आहे, हे मला त्या खिरीने शिकवले. म्हणून १७ तारखेला माझा विरोध आहे.

खजिनदार :

काकूंच्या भावनेबद्दल आदर आहे, परंतु यंदा १३ जानेवारीला मंगळवार आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी किती सभासद येतील, याचा विचार करावा लागेल आणि दुसऱ्या हॉलचे भाडे मंडळाला परवडणारे नाही. शिवाय तारीख अढळ आहे असेही नाही. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आली आणि लोहडीही पुष्कळांनी १४ ला केली.

बोरनहाणाची जबाबदारी असलेल्या वहिनी :

खजिनदारांच्या शेवटच्या मुद्द्यापुरतेच लिहिते. २०२४ मध्ये लोहडी सरकली ती संक्रांत सरकली म्हणून, आणि तरीही ती आदल्या रात्रीच राहिली. त्यामुळे ते उदाहरण काकूंच्याच बाजूचे आहे. आपणही भोगी संक्रांतीनंतर करत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आदल्या दिवशीच होते.

बोरनहाण मात्र १७ लाच ठेवावे, कारण ते रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते. बोरे, चुरमुरे आणि हलव्याचे दागिने यांची व्यवस्था माझ्याकडे आहे व ती माझ्याकडेच राहू द्यावी. गेल्या वर्षी ऐनवेळी तीन जणांनी वेगवेगळ्या याद्या केल्या होत्या.

शेतकी खात्यातून निवृत्त झालेले काका :

फलकावरच्या ‘सुगी’ या शब्दाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. पंजाबात गव्हाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि कापणी एप्रिलमध्ये, वैशाखीच्या सुमारास. जानेवारीच्या मध्यावर गहू हिरवागार उभा असतो, सरसोंला पिवळा फुलोरा आलेला असतो आणि ज्या पिकाची खरोखर तोडणी चालू असते ते म्हणजे ऊस. गुऱ्हाळे पेटलेली असतात, नवा गूळ घरात येतो आणि काकूंची खीरही त्याच रसाची. तीळ, भुईमूग आणि मका ही खरिपाची पिके तोवर घरात पडलेली असतात, म्हणून तीळ, शेंगा, मक्याच्या लाह्या, गूळ आणि रेवड्या अग्नीत टाकतात व उरलेले वाटून खातात. नुसते ‘सुगीचा सण’ लिहिले तर वाचणाऱ्याला गव्हाची कापणी झाली असे वाटेल. ‘नव्या गुळाचा आणि उभ्या गव्हाचा सण’ असे लिहावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरे, मुलांच्या नाटुकल्याची संहिता वाचली. तीत दुल्ला भट्टीला केवळ ‘एक शूर राजपूत’ म्हटले आहे. तो पिंडी भट्टियां गावचा मुसलमान राजपूत होता. अकबराच्या सत्तेविरुद्ध उठल्याबद्दल त्याला १५९९ मध्ये लाहोरात फाशी दिले गेले आणि त्याचे गाव आज पाकिस्तानात आहे. पळवून नेल्या जाणाऱ्या मुलींना सोडवून त्याने त्यांची लग्ने लावली आणि द्यायला दुसरे काही नव्हते म्हणून शेरभर साखर दिली, ही कथा दारोदार लोहडी मागणारी हिंदू-शीख मुले आजही गातात. तो कोण होता हे गाळले, तर ही गोष्ट मुलांना सांगण्याचे मोलच हरवते.

नाटुकल्याच्या लेखिका :

काकांची सूचना मान्य आहे. संवाद आजच दुरुस्त करते. मात्र साखरेचा प्रसंग मी लिहिल्याप्रमाणेच राहील, कारण मुलांनी तो पाठ केला आहे.

लुधियान्याच्या काकू :

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आपल्या समोरच्या पंजाबी कुटुंबात सप्टेंबरमध्ये नात झाली आणि तिची पहिली लोहडी ते १३ ला त्यांच्या घरामागच्या अंगणात करणार आहेत. पूर्वी पहिल्या लोहडीचा थाट बहुधा मुलग्याचा किंवा नव्या सुनेचा असे. मुलीची लोहडी मुद्दाम साजरी करण्याची रीत अलीकडे पंजाबात रुजते आहे, आणि या घरातील आजी त्याविषयी फार मनापासून बोलत होत्या. त्यांनी मंडळातील सर्वांना बोलावले आहे. आपल्याकडे बाळाची पहिली संक्रांत आणि नवरीचे पहिले वाण यांचे जे महत्त्व, तेच त्यांच्याकडे या रात्रीचे.

कार्यक्रम सचिव :

सर्वांच्या मतांचा विचार करून असे ठरवत आहे की १३ ला संध्याकाळी साडेसहा वाजता समोरच्या कुटुंबाच्या अंगणात लोहडीला जावे. १७ ला हॉलमध्ये हळदीकुंकू, बोरनहाण व नाटुकले होईल आणि घमेले आणायचे नाही. १७ च्या फलकावर आता लोहडी नसेल, त्यामुळे काकांचे वाक्य नाटुकल्याच्या निवेदनात घ्यावे. खजिनदारांनी बाळासाठी चांदीच्या वाटीचा खर्च मंजूर करावा. खीर करायची की तिळगूळ न्यायचा, हे काकूंनी त्या आजींशी बोलून ठरवावे, कारण त्या घरी त्या रात्री काय शिजणार हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे.

खजिनदार :

वाटी मंजूर. १३ ला मी येईन, पण सात वाजता.