मडगाव : चर्चच्या चौकापासून पालिका बागेपर्यंत चालत, क्रम कसा ठेवावा?

फोंडेकर_३
येत्या रविवारी आईला घेऊन फोंड्याहून बसने मडगावला जायचंय. चर्चचा जुना चौक, सात बुर्जांचं घर आणि पालिका बाग, बस्स एवढंच. सुरुवात बागेपासून करावी की चर्चपासून? आई सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते, चढ मात्र नको.

कोंबावाट
आधी वार बदला. रविवारी सकाळभर चर्चमध्ये मिसा (प्रार्थना) चालू असतात, मध्येच आत शिरून बघत फिरणं बरं दिसत नाही. मार्केटही बहुतेक बंद. शनिवारी साडेआठपर्यंत पोचा. दुपारी एकनंतर दुकानं शटर ओढतात ती साडेतीन-चारपर्यंत, चर्चचं दारही दुपारी बंद मिळतं.

सुरुवात चर्चपासूनच. फोंड्याची बस बोर्ड्याकडून गावात शिरते. कदंब स्टँडपर्यंत जाऊ नका, तिथून साधारण एक किलोमीटर उलट चालावं लागतं. जुन्या मार्केटपाशी उतरायचंय असं कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. पुढे आबाद फारिया रस्ता धरला की सरळ दक्षिणेला पालिका बाग. चौकातून तेही एक किलोमीटरच्या आसपास. उलट क्रमाने गेलात तर चर्चला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

जांभा_चिरा
चौकात अर्धा तास तरी द्या. होली स्पिरिट चर्चची आजची इमारत १६७५ ची. पहिलं चर्च सोळाव्या शतकात दामोदराच्या देवळाच्या जागी उभं राहिलं, आणि देव जांबावलीला गेला. जांबावलीचा गुलाल खेळायला मडगावकर का लोटतात, ते इथे उलगडतं. चर्चसमोरचा उंच पांढरा क्रूस आणि आंब्यांची सावली आहे, आईंना तिथे बसवून तुम्ही भोवतालच्या जुन्या घरांचे बल्कांव, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसऱ्या, बघू शकता.

सात बुर्जांचं घर तिथून फार लांब नाही. व्हाइसरॉयचे सचिव इनासियो द सिल्व्हा यांनी १७९० च्या सुमाराला बांधलेलं. नावात सात असले तरी आज तीनच बुर्ज, म्हणजे उभ्या उताराची टोकदार कौलारू छपरं, शिल्लक आहेत. पुष्कळजण फाटकाशी उभे राहून उरलेले चार शोधत बसतात! घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. एवढा उभा उतार कशाला, ते पावसाळ्यात कळतं : पाणी कौलांवर थांबतच नाही.

मोंत टेकडीवरचं कपेल (छोटं चर्च) वगळा. चढ आहे, आणि दार एरवी बहुधा कुलूपबंद असतं.

फोंडेकर_३
आभार. शनिवार ठरला. बागेत बघण्यासारखं काय?

कोंबावाट
खरं सांगायचं तर फार काही नाही. ती बसायची जागा आहे. मोठी झाडं, बाक आणि चारी बाजूंनी बस-रिक्षांचा गोंगाट. झाडाखालच्या बाकावर बसण्याआधी वर बघा, कावळे असतात. बघायची ती शेजारची १९०५ ची पालिकेची लाल इमारत. सोबत लहान मूल असेल तर त्याला आगा खान पार्क जास्त आवडेल.

बागेजवळ पातळ भाजी-पाव खायचा तर अकराच्या आत, नंतर भाजी संपते. आई दमल्या तर परतीला रिक्षा करा, पायलट (मोटारसायकल टॅक्सी) नको. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

सोलां_कडी
मे-जूनमध्ये जमत असेल तर पुरुमेंत फेस्ताला, म्हणजे बेगमीच्या जत्रेला, या. चर्चचं फेस्त पेंतेकोस्तचं, म्हणजे ईस्टरनंतरचा सातवा रविवार, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. पावसाळ्याची बेगमी तिथे भरते : सुकी मासळी, मिरच्या, सोलां (आमसुलं), कांद्याच्या माळा. गर्दी संध्याकाळी, म्हणून सकाळीच जा. सुके बांगडे शेपटीकडून नव्हे, डोक्यामागे दाबून बघा. तिथे ओलसर लागले तर घेऊ नका, पावसात आठवड्याभरात बुरशी धरतात.