‘सँक्शन’, ‘ओव्हरसाइट’, ‘क्वालिफाय’: प्रवेश परीक्षेत अडवणारे ओळखीचे शब्द

प्रश्न (लातूर): माझी धाकटी बहीण मराठी माध्यमातून दहावी झाली असून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी क्लॅट देणार आहे. अवघड इंग्रजी शब्दांची मोठी यादी तिने पाठ केली आहे, तरीही सराव परीक्षेत शब्दार्थाचे प्रश्न चुकतात, आणि चुकलेल्या शब्दांत ‘सँक्शन’, ‘ओव्हरसाइट’ असे साधे वाटणारे शब्दच अधिक असतात. याचे कारण काय असावे?

उत्तर (नांदेड): कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे आणि थोडे आपल्या बोलण्यातही आहे. क्लॅट 2020 च्या परीक्षेपासून उताऱ्यांवर आधारित झाली. इंग्रजी विभागात सुमारे 450 शब्दांचा उतारा येतो आणि त्यातील शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ विचारला जातो. एका चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यामुळे एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिलेली यादी तिथे पुरी पडत नाही.

आता ‘सँक्शन’ पाहा. आपल्याकडे विहीर सँक्शन होते, घरकुल सँक्शन होते, पीककर्ज सँक्शन होते. म्हणजे हा शब्द आपण ‘मंजुरी’ या एकाच अर्थाने लहानपणापासून ऐकतो. इंग्रजीत मात्र तोच शब्द मंजुरीसाठी आणि शिक्षेसाठी, अशा दोन्ही अर्थांनी चालतो. ज्या लॅटिन धातूपासून तो आला त्याचा अर्थ कायद्याने पक्के करणे असा आहे, आणि नियम पक्का करताना तो मोडणाऱ्याचा दंडही ठरवला जात असल्यामुळे दोन्ही अर्थ एका शब्दात राहिले. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर ‘निर्बंध’ लादल्याची बातमी येते, त्या निर्बंधांसाठी इंग्रजीत हाच शब्द अनेकवचनी वापरतात. त्यामुळे उताऱ्यात एखाद्या अधिकाऱ्याला ‘सँक्शन’ केले असे आले, तर त्याला काही मंजूर झाले नसून त्याच्यावर कारवाई झाली आहे, हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते.

‘ओव्हरसाइट’ या शब्दाचेही असेच आहे. समितीकडे एखाद्या योजनेचे ओव्हरसाइट आहे म्हणजे देखरेख आहे. हिशेबात ओव्हरसाइट झाले म्हणजे नजरचूक झाली. क्रियापदे मात्र वेगळी आहेत: ‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणे आणि ‘ओव्हरलुक’ म्हणजे बहुधा नजरेतून सुटणे किंवा काणाडोळा करणे. ही जोडी एकदा लिहून ठेवली की नामाचा घोळ उरत नाही.

‘क्वालिफाय’ हा तिसरा शब्द. मुलगा क्वालिफाय झाला म्हणजे पात्र ठरला, एवढेच आपण जाणतो. परंतु ‘क्वालिफाइड’ पाठिंबा म्हणजे पात्र माणसाचा पाठिंबा नव्हे, तर हात राखून, अटी घालून दिलेला पाठिंबा. ‘डिसइंटरेस्टेड’ या शब्दाचा अर्थही अनेक मुले ‘कंटाळलेला’ असा करतात. बोलण्यात इंग्रजी भाषकही तो तसा वापरतात, पण कायद्याच्या लेखनात त्याचा नेमका अर्थ ‘ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा’ हा आहे. न्यायाधीश तसाच असावा लागतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्या बहिणीने नवी यादी घेऊ नये. मराठी बोलताना आपण जे इंग्रजी शब्द वापरतो, तेच शब्द वहीत उतरवून प्रत्येकाचा दुसरा अर्थ शब्दकोशात शोधावा आणि दोन्ही अर्थांचे एकेक पूर्ण वाक्य लिहावे. मराठी माध्यमाचे विद्यार्थी येथे मागे नाहीत. हे शब्द त्यांच्या कानावर आधीच आहेत.

प्रतिसाद (अंबाजोगाई): मग लॅटिन धातूंवरून शब्द शिकण्याची पद्धत निरुपयोगी समजावी काय?

उत्तर (नांदेड): मुळीच नाही, आणि मराठी वाचकाला तर तिचा विशेष आनंद आहे. ‘मॅग्नॅनिमस’ घ्या. त्यातील ‘मॅग्नस’ हा आपल्या ‘महा’चा सगोत्र आहे, आणि ‘ॲनिमस’ हा संस्कृतातील श्वास घेणे या अर्थाच्या ‘अन्’ धातूशी जुळतो, ज्यातून ‘प्राण’ आणि ‘अनिल’ हे शब्द आले. म्हणून मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, ‘युनॅनिमस’ म्हणजे एकमताचा, ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता आणि ‘पुसिलॅनिमस’ म्हणजे इवल्याशा मनाचा, भित्रा. चार शब्द एका बैठकीत लक्षात राहतात. पण याच कुळातील ‘ॲनिमॉसिटी’चा अर्थ धातूवरून काढू गेल्यास चैतन्य किंवा उत्साह असा निघेल, आणि प्रत्यक्षात तो आहे वैरभाव. धातूवरून अंदाज बांधावा आणि उताऱ्यातील वाक्यात तो बसतो का, हे तपासूनच पर्याय निवडावा.

प्रश्नकर्ती (लातूर): आभारी आहे. तिला छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश हवा आहे. तेथील ‘मूट कोर्ट’मधील ‘मूट’ या शब्दालाही दोन अर्थ आहेत काय?

उत्तर (नांदेड): होय. जुना अर्थ चर्चेसाठी खुला, वादाचा मुद्दा असा आहे, आणि अभिरूप न्यायालयाच्या नावात तोच आला आहे. अमेरिकी इंग्रजीत मात्र ‘मूट’ मुद्दा म्हणजे ज्याच्या निकालाने आता काहीच फरक पडणार नाही असा मुद्दा. आपली न्यायालयेही एखादी याचिका निरर्थक ठरली असे म्हणतात, पण त्यासाठी ती ‘इन्फ्रक्चुअस’ हा शब्द वापरतात. तोही वहीत घ्यावा.