मदत हवी आहे: बंद पेट्रोल पंपाशेजारच्या घरात फरशीखालून येणारी वाफ, तपासणी कोणाकडे मागावी?

नमस्कार. आमचे घर सांगलीत, कृष्णेपासून फार दूर नसलेल्या जुन्या वस्तीत आहे. दगडी जोते, मागच्या दोन खोल्यांना शहाबादी फरशी आणि परसात आड. परसाच्या भिंतीपलीकडे पूर्वी पेट्रोल पंप होता. तो बंद होऊन बरीच वर्षे झाली. यंत्रे गेली, छत गेले, परंतु जमिनीतल्या टाक्या काढल्याचे गल्लीतल्या कोणीही पाहिलेले नाही.

गेले तीन पावसाळे मागच्या खोलीत, जिथे माझे सासरे झोपत, पहाटे पेट्रोलसारखा वास येतो. उन्हाळ्यात तो जवळजवळ नसतो. यंदा ऑगस्टमध्ये आडाच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तेव्हा ते पाणी भांड्यांनाही वापरणे थांबवले आणि सासऱ्यांना पुढच्या खोलीत हलवले. सुरुवातीला दोष ड्रेनेजचा समजून मोरीतला नहाणी ट्रॅप बदलून घेतला. नंतर त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा बसवला, तर वास कमी होण्याऐवजी वाढला. या गोष्टीने मी गोंधळले आणि वाचू लागले. पंखा खोलीतली हवा बाहेर टाकतो, तिची जागा भरून काढण्यासाठी फरशीच्या सांध्यांतून जोत्याखालची हवा वर ओढली जाते, आणि त्या हवेत पेट्रोलची वाफ असेल तर तीही सोबत येते, एवढे मला समजले. म्हणजे पैसे खर्च करून आम्ही वाफ घरात ओढून घेत होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जून २०१५ मध्ये या विषयावर दोन मार्गदर्शिका काढल्या, त्यांतील एक केवळ गळक्या पेट्रोल टाक्यांसाठी आहे. तिच्यानुसार पायाखाली स्वच्छ मातीचा पुरेसा थर असेल तर मातीतले जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने ही वाफ वाटेतच संपवतात. प्रत्यक्ष तेलाचा थर असल्यास हे अंतर १५ फूट आणि पाण्यात विरघळलेले पेट्रोल असल्यास ६ फूट धरले आहे. आमच्या आडात ऑगस्टमध्ये दोरी सोडून मोजले, तर पाणी ९ फुटांवर होते आणि तवंग त्यावरच होता.

मी तीन कार्यालयांत अर्ज घेऊन गेले. एका ठिकाणी टाकी आपल्या अखत्यारीत नाही असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी घरातली हवा आपल्या अखत्यारीत नाही असे, तर तिसऱ्या ठिकाणी वास ‘नोंदवण्यासारखा’ नाही असे. कोणी उद्धटपणे वागले नाही, पण अर्जावर शिक्काही कोणी मारला नाही. देशात बाहेरच्या हवेसाठी बेंझीनची (पेट्रोलच्या वाफेतला एक घातक घटक) मर्यादा २००९ पासून आहे, वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. खोलीतल्या हवेसाठी तोच आकडा अर्जात धरावा काय? आणि मुख्य म्हणजे अर्ज कोणत्या कायद्याखाली, कोणाला लिहावा?

मिरजकर अभियंता यांचे उत्तर:

ताई, पंखा ताबडतोब बंद करा आणि त्या खोलीत देव्हाऱ्याची समई, शेगडी किंवा इन्व्हर्टर असेल तर हलवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी पेट घेऊ शकते. आडात डोकावताना काडी ओढू नये, हे वेगळे सांगायला नको.

वास पावसाळ्यातच का, याचे कारण आपल्या काळ्या मातीत आहे. पाऊस पडला की उघडी माती फुगते, भेगा मिटतात आणि वाफेला परसातून वर यायची वाट राहत नाही. घराखालची माती मात्र कोरडी असते, म्हणून वाफ तिकडे सरकते. त्यात भूजल वर आले की तेलाचा थरही वर येतो. म्हणून नमुना उन्हाळ्यात घेऊन ‘काही नाही’ असा अहवाल आणू नका.

कायद्याविषयी: जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. त्यांनुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने करायची असते, आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असते. तेव्हा ‘घरात वास येतो’ असे लिहू नका; ‘शेजारची जमीन संशयित दूषित स्थळ म्हणून नोंदवावी’ असे लिहा. अर्ज जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांना करा आणि आवक विभागात देऊन पोच घ्या. प्रत प्रदूषण मंडळाच्या सांगली कार्यालयाला आणि पेट्रोलियम साठ्याचे परवाने देणाऱ्या संघटनेला, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, द्या. हवा मोजताना फरशीखालची आणि खोलीतली एकाच वेळी मोजायला सांगा. दुचाकी, रंगाचे डबे, रॉकेल आधी बाहेर काढा, नाहीतर दोष त्यांच्यावर जाईल.

धागालेखिका:

मनापासून आभार. पंखा बंद केला आहे. दुचाकी खरोखरच मागच्या बोळात, त्याच खोलीच्या खिडकीखाली असते, हे लिहायचे राहून गेले होते; ती आजच पुढे आणली. तरीही पहाटे फरशीच्या सांध्याला नाक लावले की वास स्पष्ट येतो.

एक शंका उरते. पंपाची जागा विकली गेल्याचे ऐकू येते आणि तिथे अपार्टमेंटचा पाया खणला जाणार आहे. टाक्या भंगारात आणि माती ट्रकने कुठेतरी भरावाला गेली, तर तपासणीला येणारे काय तपासतील? खोदकाम सुरू होण्यापूर्वी नमुने घ्यावेत अशी मागणी याच अर्जात करता येईल, की बांधकाम परवानगीवर स्वतंत्र हरकत नोंदवावी? कोणी असे केले असेल तर अर्जाचा मसुदा कृपया येथे द्यावा.